तळ्यातली धूळ

माझा ट्रॅक आता पाण्याखाली आहे.

करमाडच्या अलीकडं जालना रोड सोडला की एक कच्चा रस्ता डावीकडं उतरतो आणि थोडं पुढं जाऊन तळ्याच्या बांधाला टेकतो. परवा त्या बाजूला कंपनीचं काम होतं, ते लवकर संपलं. गाडी आपोआप वळली असं मी म्हणणार नाही. मीच वळवली. इतकी वर्षं त्या फाट्यावरून येजा करतोय, आणि प्रत्येक वेळी फाटा आला की मी मान दुसरीकडं वळवतो.

बांधावर चढलो. तळं भरलेलं होतं. कुणीतरी मधल्या काळात गाळ उपसून ते खोल केलंय. पाण्यावर वारा बारीक चुण्या पाडत होता आणि लांब, पार मधोमध, एका वाळक्या बाभळीचा शेंडा वर आलेला होता. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी त्या शेंड्याकडं बघत राहिलो. ती बाभळ माझ्या दुसऱ्या वळणावर होती. तिच्या खोडाला गुडघा घासून मी कितीदा वळलो असेन. आता तिथं दोन पुरुष पाणी असेल.

मी इथं रेसची गाडी पळवायचो त्या साली याच तळ्यात घोटभर पाणी नव्हतं.

त्या दिवसांची आठवण मला आधी नाकात होते. जळक्या एरंडेलाची. आमच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या पेट्रोलमध्ये माझे मेकॅनिक युसुफचाचा एरंडेल मिसळायचे. तेल शहरात, शहागंजातल्या एका घाण्यावरून यायचं, काचेच्या बाटलीत, वर कागदाचा बोळा कोंबून. घरोघरी पोरांच्या पोटासाठी जे तेल नाक दाबून पाजतात तेच. पण इंजिनात जळालं की त्याला एक गोडसर, जाड, डोक्यात चढणारा वास यायचा. तो कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा. गारखेड्यातल्या आमच्या घरी आई दारातच म्हणायची, "आधी न्हाणीत जा. दवाखाना घेऊन आलास घरात."

चाचांचं गॅरेज म्हणजे शहागंजातल्या एका बोळातली पत्र्याची शेड. पोलीस अॅक्शनच्या आधी त्यांचे वडील कुणा जागीरदाराच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. जागीरदार गेले, मोटार गेली, वडिलांनी त्या मोटारीचे पाने आणि हातोड्या तेवढ्या ठेवून घेतल्या, आणि त्यांच्यावरच हे दुकान उभं राहिलं. मी कंपनीतली पहिली पाळी संपवून दुपारी तिथं जायचो. पितळी पेल्यातला चहा, शेजारच्या भट्टीतून येणारा नानचा वास, भिंतीवर टांगलेल्या साखळ्या. चाचा इंजिन चालू करून डोळे मिटायचे आणि एखाद्या गवयाचं ऐकावं तसं ऐकायचे. मग एक डोळा उघडून मला म्हणायचे, "गाडी तो भागती मियाँ. तुमकूच नींद लगती झंडा गिरते वक्त."

ते खरं होतं. माझी सुरुवात कायम मंद. झेंडा पडला की बाकीचे सुटायचे, आणि मला एक क्षण उशीर व्हायचा. पुढं मी एकेकाला गाठत जायचो. वळणावर मला अडवील असा त्या हंगामात एकच होता, कोल्हापूरचा. त्याची सुरुवात बंदुकीच्या गोळीसारखी. पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर अशा चार ठिकाणी मातीवरच्या रेसा झाल्या, आणि आम्ही दोघं सारख्या गुणांवर आलो. शेवटची रेस आमच्याकडं होती, या कोरड्या तळ्यात. आमच्या दोघांत जो पुढं येईल त्याचा हंगामाचा करंडक. आणि करंडकापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एक कारखाना त्या विजेत्याला आपल्या संघात घेणार होता. पगारावर, आठ तास नुसती गाडी चालवायला. मी त्या वेळी रात्रंदिवस दुसरा विचारच करत नव्हतो.

पाऊस झालाच नव्हता म्हणून तळं सरावाला मोकळं होतं. सगळा हिवाळा मी तिथं काढला. पाळी सुटली की गाडी काढायची, चिकलठाणा ओलांडायचं, आणि ऊन उतरेपर्यंत त्या भेगाळलेल्या तळात गोल गोल फिरायचं.

तिथंच म्हाळूमामा भेटला. धनगर. बायको गया आणि एक मेंढरांचा कळप घेऊन तो तळ्याच्या वरच्या अंगाला पाल टाकून राहिला होता. तळं आटल्यावर त्या दोघांनी तळाच्या मऊ मातीत स्वतःच्या हातांनी बुडकी खणली होती. बुडकी म्हणजे न बांधलेली उथळ विहीर, नुसता मोठा खड्डा, पण तिला पाझर होता. आसपासचे आड कोरडे पडले तरी हिच्यात निळसर पाणी हलत असायचं. मेंढरं दुपारी तिथं पाणी प्यायची.

माझ्या गाडीच्या आवाजानं पहिल्या दिवशी मेंढरं अशी उधळली की मामा काठी घेऊन माझ्याच अंगावर आला. "आरं, कुनाचा हाईस रं तू? गाभण हैत त्या! गाभडल्या म्हंजी तुझा बाप देईल का भरून?" मी इंजिन बंद केलं, हात जोडले. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, सायलेन्सरला नाक लावलं आणि बायकोला हाक मारली. "गये, हिकडं ये. फटफटीला जुलाब लागल्यात, एरंडेल पाजलंय हिला."

त्यानंतर महिन्याभरात मेंढरांना आवाजाची सवय झाली. मी शेजारून गेलो तरी ती रवंथ करत बसायची. लोकरीचा ओलसर, तुपकट वास आणि माझ्या धुराचा वास एकमेकांत मिसळायचे. बाभळीजवळचं वळण फार भुसभुशीत होतं, चाक रुतायचं. मी एकदा बोलता बोलता म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी मामानं सगळा कळप त्या वळणावरून तीन-चारदा फिरवून माती दाबून दिली होती. "बग आता," म्हणाला, "सडक केली तुझ्यासाठी." सराव संपला की गयामामी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी द्यायची, वर बुडकीतलं पाणी. त्या पाण्याला मातीची एक चव होती. मी ते ओंजळीनं प्यायचो. ती म्हणायची, "हळू पी. कुनी घिऊन नाय जात तुझं."

रेसच्या आदल्या दिवशी दुपारी संयोजकांचा निरोप आला. टंचाईमुळं ट्रॅकवर शिंपडायला पाणी मिळणार नाही. दोन रिकामे टँकर आणि एक इंजिन-पंप तेवढा आहे.

बाकीच्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझी मात्र गोष्ट वेगळी होती. तळ्यातली माती पिठासारखी. पुढं सुटणाऱ्याला स्वच्छ हवा मिळते, मागच्याला त्याची धूळ. आणि मी मागं सुटणार हे मला माहीत होतं, कोल्हापूरच्यालाही माहीत होतं. धुळीत शिरलो की काहीच दिसत नाही, ज्याला गाठायचं तोही नाही. ट्रॅक ओला असला तर मी जिंकत होतो. कोरडा असला तर हरत होतो. इतकं ते सरळ होतं.

मी संयोजकांना म्हणालो, "पाणी मी बघतो."

संध्याकाळी मी बुडकीवर गेलो तेव्हा मामा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता.

"मामा, बुडकीतलं पाणी पाहिजे."

"घे की. इचारतो काय? हंडा आणलाय का?"

"हंडा नाही. टँकर. दोन."

त्यानं कोकरू सोडलं आणि हसायला लागला. "फटफटीला आंगुळ घालतो का काय लेका?"

मी त्याला सगळं सांगितलं. धूळ, माझी सुरुवात, कोल्हापूरचा, नोकरी. तो नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी पानी मारलं तर तू पयला येनार?"

"येणार."

"नक्की?"

"नक्की, मामा."

गयामामी मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आवो, सकाळपतुर भरंल का पुन्हा? दुपारच्याला मेंढरं..."

"भरंल. पाझर मोठा हाय तिचा." मग माझ्याकडं वळून, "घे. तुझं लगीन हाय आसं समजू. लग्नाच्या पान्याला आमच्यात कुनी नाय म्हनत नस्तं. ज्याच्याकडं आसंल त्यानं द्यायचं."

लग्नाचं पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, ही त्यांची रीत. मी ती त्याच्याच तोंडून ऐकली आणि लगेच वापरली.

चाचांना कळलं तेव्हा ते प्लग साफ करत होते. हातातला ब्रश थांबला. "जानवरां का पानी है वो. कायकू लेता रे?"

"मामा स्वतः देतोय, चाचा."

"वो देता बोलकेच नक्को ले." थोड्या वेळानं परत म्हणाले, "रेस अगले साल बी हुइंगी." माझी गाडी मात्र त्यांनी कधी नव्हती इतकी सुरेख लावून दिली.

सकाळी उजाडताच पंप लागला. त्याच्या फटफटण्यानं मेंढरं उठून उभी राहिली. पाईप बुडकीच्या तळापर्यंत सोडला होता. टँकर भरले आणि ट्रॅकवर फिरले. माती आधी पाणी प्यायली, मग काळी होत गेली. बाभळीच्या वळणावर तर ती अगदी चॉकलेटसारखी दिसत होती. मी पाय दाबून पाहिलं. पावलाचा ठसा उठला, धूळ उठली नाही. मी त्या क्षणी जिंकलोच होतो. आमची मुख्य रेस सकाळी पहिलीच होती, ऊन चढायच्या आत.

मग आम्ही पाहुण्यांची वाट पाहत बसलो.

उद्घाटक शहरातून निघाले आहेत असं लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं. परत सांगितलं गेलं. मंडपात खुर्च्या भरल्या, पापडवाले आले, फुगेवाले आले, करमाडची आख्खी शाळा बांधावर येऊन बसली. सूर्य बांधाच्या वर आला. फाल्गुनातलं ऊन, त्याला वेळ लागत नाही. पाहुणे आले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी पाहुणे होते. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला श्रीफळ. एकाचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून त्याचा सत्कार पुन्हा. मग भाषणं. खेळाचं महत्त्व. मराठवाड्याचा मागासलेपणा. तरुण पिढी.

मी हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीवर बसलो होतो आणि समोर ट्रॅकचा रंग जाताना पाहत होतो. आधी कडा पांढऱ्या झाल्या. मग सरळ पट्टा राखाडी झाला. काळेपणा आत आत आक्रसत गेला, बाभळीच्या सावलीत थोडा वेळ टिकला, आणि तिथूनही गेला. एक भाषण चालू होतं आणि म्हाळूमामाचं पाणी माझ्यासमोर उन्हात उडून जात होतं.

मी धावत संयोजकांकडं गेलो. "अजून एक खेप मारा. फक्त वळणांवर तरी."

"पाणी कुठंय?" ते म्हणाले. "तुमची विहीर बसली की."

मी वळून पाहिलं. लांब, तळ्याच्या वरच्या अंगाला, बुडकीची एक बाजू पूर्ण ढासळली होती. पाणी एकदम उपसलं की मऊ मातीला आधार राहत नाही. मामा बुडकीच्या काठावर उभा होता. मामी आत, गुडघ्यापर्यंत चिखलात, एका ताटलीनं काहीतरी खरवडत होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी होती, उन्हात उभी राहतात तशी. पिण्याची वेळ झाली होती.

इतकं सगळं मी स्पष्ट पाहिलं. तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव पुकारलं. मी हेल्मेट घातलं.

रेसबद्दल सांगण्यासारखं फार नाही. झेंडा पडला आणि नेहमीसारखा मला एक क्षण उशीर झाला. पुढच्याच क्षणी जग पिवळं झालं. कोल्हापूरचा पुढं होता एवढंच त्याच्या आवाजावरून कळत होतं. दात माखले, जीभ माखली, डोळ्यांवरच्या काचेवर पीठ बसलं. बाभळ मला एकदाही दिसली नाही, तिचं वळण मी अंगाच्या सवयीवर घेत होतो. त्या धुळीची चव मला ओळखीची होती. भाकरीबरोबर सगळा हिवाळा मी ती ओंजळीनं प्यायलो होतो.

मी दुसरा आलो.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. बसली तेव्हा वरच्या अंगाला पाल नव्हतं. मेंढरं नव्हती. चाचा गाडी ढकलत टेम्पोकडं नेत होते. ते त्या दिशेला बघून म्हणाले, "गए." एवढंच.

मी शोधायला गेलो नाही. धनगर आज इथं, उद्या तिथं, त्यांचं जगणंच असं, ही समजूत मी टेम्पोत बसायच्या आतच करून घेतली होती, आणि ती पुढं कितीतरी वर्षं पुरली. नोकरी कोल्हापूरच्याला मिळाली. वर्षा-दोन वर्षांत त्या कारखान्यानं रेसिंगचा संघच बंद केला. चाचा म्हणाले होते तशी पुढच्या साली रेस झाली, त्याच्या पुढच्या साली झाली नाही. टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर एरंडेलाचा वासही. चाचा गेले. शहागंजातल्या त्या शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी मधे एकदा तिथं उगाच उभा राहिलो, तर दुकानदार म्हणाला, "क्या होना अंकल?" एक कव्हर घेऊन आलो.

बांधावरून उतरत होतो तेव्हा खाली काही बायका रोपांना आळी करत होत्या. तळ्याच्या कडेनं कुणी झाडं लावतंय, त्याची रोजंदारी. जेवणाची सुट्टी झाली असावी, त्या सावलीला येऊन बसल्या. त्यातली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हळू पी गं. कुनी घिऊन नाय जात तुझं."

मी जागीच थांबलो.

चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. गाल आत गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. जवळ गेलो. "गयामामी?"

तिनं मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं मला निरखलं. बराच वेळ. मग म्हणाली, "फटफटीवाला."

"हो."

"आरं माझ्या द्येवा. क्येस पांढरं झालं की रं तुझं. बस, बस."

मी मातीत बसलो. तिनं पोरंबाळं विचारली, आई विचारली. मी सांगत गेलो. मामाचं मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं. त्या दिवशी बुडकी बसली, तसे ते दुपारीच निघाले. गोदावरीच्या अंगाला कुठं तरी पाणी आहे असं ऐकलं होतं. "गाभण व्हत्या. उनाचं चालवत न्हेल्या. निम्म्या वाटंतच बसल्या."

"बसल्या म्हणजे?"

"बसल्या म्हंजी बसल्याच." तिनं हातातला भाकरीचा तुकडा मोडला. "ऱ्हायलेली पुढं इकली. मग हे शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर ऱ्हायले, रात्रपाळीला. तितंच गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. चांगलं मरान आलं."

मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत मनात शंभरदा जुळवलेली वाक्यं होती. मी बुडकी बसलेली पाहिली होती, मामी. तू चिखलात उभी होतीस, ते पाहून मी हेल्मेट घातलं. तोंड उघडलंही. पण तीच आधी बोलली.

"येक इचारू का? आमी निघालो तवा लांबून निस्ती धूळ दिसली बग. धूळ आन आवाज. कोन पयलं आलं त्ये काय कळलं नाय आमाला. ह्ये लई दिस म्हनायचे, पोरगं पयलं आलं आसंल. मरस्तोवर म्हनायचे. गेटवर कुनाची फटफटी आली की सांगायचे त्याला, आमच्या पान्यावर येक जन पयला आलाय." ती थांबली. "आला व्हतास न्हवं तू?"

तिचा एक डोळा माझ्यावर होता. मागं तळ्याचं पाणी बांधाला लागून चुबुक चुबुक वाजत होतं.

"व्हय मामी," मी म्हणालो. "पयला आलो."

तिनं डोळे मिटले. मोठा श्वास सोडला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. "मंग झालं," ती म्हणाली. "वाया नाय गेलं."

मग ती बाकीच्या बायकांकडं वळली. "ए, बगा गं. म्या सांगत न्हवते का? त्यो ह्यो. शिरेतीत पयला आल्याला. आमच्या म्हाताऱ्याच्या पान्यावर." बायका भाकरी हातात धरून माझ्याकडं बघायला लागल्या. एक तरुण बाई हसली आणि पदर सावरून तिनं मला नमस्कार केला.

मीही हात जोडले. उठलो आणि गाडीकडं निघालो. चढ होता, पायाखाली खडी सरकत होती. पाठीवर त्या सगळ्यांची नजर होती, म्हणून गाडीपर्यंत मी मान ताठ ठेवून चाललो.